दोनदा विचारलं होतं

२६ सप्टेंबर, मंगळवार

कर-सल्लागार क्रेगच्या ऑफिसात तासभर बसून आले. माझा नवरा ऑरिन होता तेव्हा पैशाचं सगळं तोच बघायचा आणि मी बाहेर गाडीत बसून विणायचे. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता मीच क्रेगसमोर बसते आणि त्याची ती पातळ कॉफी पिते.

मुद्दा असा, की निवृत्तीखात्यातून दर वर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, नको असली तरी. सरकारने इतकी वर्षं त्या पैशावर कर घेतला नाही आणि आता आम्ही म्हातारे झाल्यावर त्यांना घाई सुटलीय. यंदा अठरा हजार चारशे डॉलर काढायचेत. ते हातात घेतले, की शेताच्या खंडात मिळून माझं उत्पन्न एक रेघ ओलांडतं. मग कर लागतो तो लागतोच, वर मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ताही चढतो. क्रेग म्हणाला, यातून एक सरळ, कायदेशीर वाट आहे. पैसे हातात घ्यायचेच नाहीत. खात्यातून थेट एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायचे. मग ते माझं उत्पन्न धरतच नाहीत.

मी विचारलं, "आणि बहिणीला दिले तर?"

"बहीण म्हणजे संस्था नव्हे, मिसेस टोलेफ्सन," क्रेग म्हणाला. तो हसला, म्हणून मीही हसले.

व्हर्नाचं विचारलं, कारण रविवारी ती कॉफीला आली होती. तिच्या नवऱ्याला, डुएनला, पक्षाघाताचा दुसरा झटका आल्यापासून त्याची छोटीमोठी कामं बंद झालीत. घर तापवायच्या गॅसचा प्रोपेनवाला दोनशे गॅलनच्या खाली गाडी पाठवत नाही, असं ती खिडकीबाहेर बघत बोलून गेली. मी लगेच विचारलं, काही हवंय का. "छे गं, आमचं भागतंय," म्हणाली. निघताना ती कोट घालत होती तेव्हा पुन्हा विचारलं. "नाही, खरंच," म्हणाली. मी दोनदा विचारलं. माणसाने आणखी काय करायचं?

४ ऑक्टोबर, बुधवार

ठरलं. पैसे आमच्या चर्चच्या तळघरातल्या फूड शेल्फला. मंगळवारी आणि गुरुवारी तिथे गरजूंना खोका भरून खायचं देतात. माझा कर वाचतो, त्यांचं पोट भरतं. एका दगडात दोन पक्षी.

व्हर्नाला पाच हजार द्यायचे म्हटले, तर कर धरून मला त्यासाठी साडेसहा हजारांच्या वर काढावे लागतील, आणि हप्ता वाढेल तो निराळा. फूड शेल्फला अठरा दिले तरी मला तोशीस नाही. हे कागदावर मांडून बघितलं की कुणालाही पटेल. मी कंजूष नाही, हिशेबी आहे. ऑरिन म्हणायचा, दोन्हींत फरक असतो. काय फरक असतो, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

खंडाच्या पैशाबद्दल व्हर्ना एका शब्दाने बोलत नाही, हे तिचं चांगलं. बाबांच्या शेतातला तिचा वाटा ऑरिनने शहाऐंशी साली विकत घेतला, तेव्हाच्या भावाने. जमिनीचे भाव तेव्हा तळाला गेले होते, ते काही आम्ही पाडले नव्हते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चेक संस्थेच्या नावाने पण माझ्या पत्त्यावर आला. तसा चालतो, क्रेगने सांगितलंय, फक्त मी तो वटवायचा नाही. पोस्टाने पाठवता आला असता, पण मी स्वतःच घेऊन गेले. खोटं कशाला लिहू, देताना समोरच्याचा चेहरा बघायचा होता.

जोलीनने तो चेहरा दिलाही. ती फूड शेल्फ चालवते. वसंतातच डुलूथहून आलीय, इथलं कुणाचं कोण लागतं ते तिला अजून कळत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा जुना फ्रीझर ऑगस्टात बंद पडला होता, मांस ठेवायला जागा नव्हती. नवा, मोठा घेऊ म्हणाली, आणि त्यावर तुमच्या नावाची पट्टी लावू. मी म्हणाले, छे छे. थोड्या वेळाने तिने परत विषय काढला. मी म्हणाले, खरंच नको. जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मग मी म्हणाले, "बरं, तू म्हणतेसच तर. ऑरिनचंही घाल."

डुलूथची असली तरी मुलगी आपल्यातली आहे. पहिल्या दोन नकारांना आमच्याकडे कुणी नकार समजत नाही. तिसऱ्यांदा विचारायच्या आत हो म्हणणारा हावरट ठरतो. आई यात पटाईत होती. पाहुण्यांना शेवटच्या लेमन बारचा, लिंबाच्या गोड वडीचा, आग्रह ती बरोबर दोनदा करायची, आणि ते गेले की स्वतः खायची.

५ नोव्हेंबर, रविवार

जोलीनचं पत्र आलं. 'या देणगीच्या बदल्यात आपणास कोणतीही वस्तू अथवा सेवा देण्यात आलेली नाही.' क्रेग म्हणतो हे वाक्य महत्त्वाचं, पत्र जपून ठेवा. बदल्यात काही मिळालं असेल तर सवलत बाद होते. पट्टीचं काय, विचारलं. पट्टी चालते म्हणाला.

व्हर्ना आली होती. या वेळी तिने ओव्हनमध्ये हॉटडिश करून आणली, हरणाच्या खिम्याची, वर चांगलं जाड चीज घातलेली. सोबत पीचचे दोन डबे, पांढऱ्या लेबलवर नुसतं 'पीच' लिहिलेलं. असले डबे कुठे मिळतात कोण जाणे. खिमा कुठला विचारलं, तर डुएनच्या चुलतभावाने हरीण मारलं म्हणाली. तो तर चार वर्षांपूर्वी ॲरिझोनाला गेला. शिकारीला आला असेल. चव छान होती, मी दोनदा घेतली. तिने स्वतः फारसं खाल्लं नाही. वजन उतरवतेय वाटतं, आणि उतरलंयही. मला तर बाई काही केल्या जमत नाही.

एवढं चीज घ्यायला पैसे आहेत म्हणजे खरोखरच भागत असणार. उगाच जिवाला घोर लावून घेतला मी.

एकच, की ती चार तास हलली नाही. हीटरच्या जाळीजवळची खुर्ची घेऊन बसली. "तुझं घर छान ऊबदार असतं," म्हणाली. मला पडदे धुवायचे होते, ते राहून गेले.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

नवा फ्रीझर गेल्या महिन्यातच आला, आता पट्टीही लागली म्हणून बघायला निघाले, तर चर्चच्या आवारात डुएनचा तपकिरी ट्रक. व्हर्ना फूड शेल्फमध्ये काम करते! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. अकरा मैलांवरून येते, स्वतःचं चर्च सोडून आमच्या चर्चमध्ये. लहानपणापासूनची खोड आहे. मी काही केलं की हिने त्याच्यावर कडी करायचीच. मी नुसते पैसे दिले, ही हाताने सेवा करते.

आत न जाता परत फिरले. मग घरी येऊन वाटलं, हे बरं नव्हे. डुएनला तसा घरी सोडून ती येते, म्हणजे मन मोठं आहे तिचं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज मात्र आत गेले. म्हटलं, तीही आहे तर दोघी मिळून करू. वीसेक माणसं खुर्च्यांवर नंबर घेऊन बसलेली. व्हर्ना भिंतीजवळ उभी होती. मला बघताच ती मांडणीकडे वळली आणि ट्यूनाचे डबे सारखे करू लागली, सगळी लेबलं पुढे. मी जाऊन म्हणाले, "तू इथे येतेस ते कळलंय मला. लपवतेस कशाला?"

तिने आणखी एक डबा फिरवला. मग म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"ट्रक बघितला ना बाहेर. मलाही एखादं काम दे की."

तिने मला बीन्सचे डबे दाखवले. आम्ही दोघींनी मिळून दोन मांडण्या लावल्या, नीट, आई लावायची तशा. मला फार छान वाटलं. कितीतरी वर्षांनी आम्ही एकत्र काही केलं. मी तिला फ्रीझरपाशी नेऊन पट्टी दाखवली.

"बघितलीय," ती म्हणाली. "दर गुरुवारी बघते."

मध्ये जोलीन चौदा नंबर पुकारत होती. कुणी उठेना. तिने बऱ्याचदा पुकारला, मग पंधरा घेतला. मी व्हर्नाला हळूच म्हणाले, लोकांना फुकटचं उठून घ्यायचाही कंटाळा. ती म्हणाली, "असेल काहीतरी अडचण."

बंद होईपर्यंत थांबलो. ट्रकपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. तिने हातमोजे घातले, रिकामे हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गेली. फार समाधान वाटलं आज.

५ डिसेंबर, मंगळवार

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहिते.

कामाच्या पाळ्या कशा लावतात ते विचारायला जोलीनला फोन केला. म्हटलं, व्हर्ना गुरुवारी येते, मलाही गुरुवारच दे. ती म्हणाली, कोण व्हर्ना? मी वर्णन सांगितलं, निळा कोट, गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर डबे लावत होती ती. जोलीन म्हणाली, "त्या? त्या काम नाही करत हो इथे. त्या दिवशी त्यांनी तुम्हाला मदत केली, ते बघून मला बरं वाटलं. पण त्यांचा खोका तसाच राहिला. मी चौदा नंबर पुकारून दमले." मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, हे मी बोलायला नको होतं, इथे येणाऱ्यांची नावं आम्ही बाहेर सांगत नाही. तुमच्या कुणी लागतात का त्या?

मी म्हणाले, ओळखीच्या आहेत.

ओळखीच्या. सख्खी बहीण. आणि ती त्या दिवशी माझ्यामुळे उपाशी गेली. मी तिच्याकडून डबे लावून घेतले आणि फुकटचं घेणाऱ्यांना नावं ठेवली, तिच्याच तोंडावर. ट्रकपर्यंत चालत गेले, म्हणजे तिला खोक्यासाठी मागे फिरण्याचीही सोय ठेवली नाही. अकरा मैल जाऊन तिने डुएनला काय सांगितलं असेल?

काखेत कळसा नि गावाला वळसा. पण ती म्हण विसराळू माणसाला आहे. मी विसरले नव्हते. मी सप्टेंबरात दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तिसऱ्यांदा ती हो म्हणाली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. क्रेगकडे मी मंगळवारी गेले, पण तोंड बंद ठेवायचं रविवारीच ठरलं होतं. कराचं कारण मला नंतर सापडलं, आणि सापडल्यावर हायसं वाटलं.

आईही दोनदाच विचारायची, पण तिला निदान लेमन बार आवडायचा.

६ डिसेंबर, बुधवार

क्रेगकडे गेले, भेट न ठरवता. म्हटलं, ते पत्र खोटं आहे. बदल्यात काही मिळालं नाही असं त्यात लिहिलंय आणि मी तिथला खिमा खाल्लाय. दोनदा घेऊन खाल्ला. पीचही खाल्ले. आता सवलत बाद होते का, सरकारला कळवायचं का?

क्रेगला काही उमजेना. मग मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पेन बाजूला ठेवून म्हणाला, "ते तुम्हाला संस्थेने दिलेलं नाही, मिसेस टोलेफ्सन. बहिणीने दिलंय."

सवलत शाबूत आहे. त्याने मला रडायला कागदी रुमाल दिला. मी सांगितलं, खात्यातून आणखी पाच हजार काढ, माझ्या नावाने. तो म्हणाला, यावर कर लागेल, हप्त्याचंही बघावं लागेल, आकडा काढून देतो.

"आकडा काढू नकोस," मी म्हणाले.

१० डिसेंबर, रविवार

व्हर्ना आली. पुन्हा हॉटडिश घेऊन, या वेळी टर्कीची. म्हणजे गुरुवारी जाऊन आली होती.

मी ताटात घेतली. दर घासाला वाटत होतं, हे डुएनच्या ताटातलं आहे. काट्याने इकडून तिकडे करत बसले. पोट बरं नाही म्हणाले. व्हर्नाने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. मला कळलंय हे तिला कळलं. तिने भांडं फॉइलने झाकलं, कोट घातला आणि तासाभरातच निघाली. जाळीजवळ बसलीसुद्धा नाही.

खायला हवं होतं मी. वाटेल ते झालं तरी खायला हवं होतं. माझ्याकडे रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून ती स्वतःच्या तोंडचं आणत होती, आणि ते मी तिला परत नेऊ दिलं.

१४ डिसेंबर, गुरुवार

चेक घेऊन व्हर्नाकडे गेले. तिच्या घरी जाऊन मला दीड वर्ष झालं, हे आज तिच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं.

वरचा मजला बंद केलाय. बैठकीच्या दाराला घोंगडी टांगलीय आणि दोघं स्वयंपाकघरातच राहतात, ओव्हनचं दार उघडं ठेवून. डुएन टोपी घालून खुर्चीत बसला होता. त्याला बोलता येत नाही नीट, पण डावा हात वर करून हसला. व्हर्नाने कॉफी ठेवली. मी चेक टेबलावर ठेवला आणि पाठ केलेलं बोलले, की हे प्रोपेनला आणि बाकीच्याला, आणि माझ्याकडे पडून आहे, मला लागत नाही.

मी नकाराची तयारी करून गेले होते. लागलं तर दहा वेळा विचारायचं ठरवलं होतं. पण तिने चेक उचलला, वाचला, आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

"बरं," म्हणाली.

एकदाही छे म्हणाली नाही. मग मीच म्हणाले, "मी सप्टेंबरात विचारलं होतं."

"हो. दोनदा." तिने कप पुसला. "दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी कोटाची बटणं लावत होते. पाच बटणं आहेत त्या कोटाला. मी ती लावली, मग शेवटचं काढून परत लावलं."

ओव्हनच्या दारापाशी डुएनने मान खाली घातली. म्हणजे हे त्याला तिने त्याच दिवशी सांगितलं असणार.

"व्हर्ना, मला वाटलं—"

"नाही वाटलं तुला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "असू दे. तेव्हा दोनदा नाही म्हणायची माझी ऐपत होती. आता एकदाही नाही. कॉफी घे, गार होतेय."

कॉफी घेतली. ती आणखी काही बोलेल, मला टाकून बोलेल, शेताचं काढेल, याची वाट बघत बसले. तिने रस्त्यावर बर्फ किती आहे ते विचारलं. मी सांगितलं.

१७ डिसेंबर, रविवार

दोघींची कॉफी केली. व्हर्ना आली नाही. रस्ते वाईट आहेत.

२३ डिसेंबर, शनिवार

प्रोपेनची टाकी भरली. मी त्या कंपनीला फोन करून विचारलं, भरली म्हणाले. घर आता तापत असेल. हे लिहिताना बरं वाटतं, आणि तसं वाटू द्यायला नको असंही वाटतं.

आज टपालात व्हर्नाचं पाकीट होतं. मला वाटलं नाताळचं कार्ड, पण नाही. आभाराचं छापील कार्ड होतं, पुढे फुलं असलेलं. आपण इथे लग्नातल्या आहेराला, पाद्रीबाईंना, अंत्ययात्रेला सँडविच पाठवणाऱ्या शेजाऱ्यांना असं कार्ड पाठवतो. घरच्यांना पाठवत नाही. आयुष्यात मी तिला पाठवलं नाही, तिने मला पाठवलं नाही. आत तिचं शाळेतलं सुबक अक्षर:

'प्रिय अर्डिस, तुम्ही दिलेल्या उदार मदतीबद्दल डुएन आणि मी मनापासून आभारी आहोत. आपली, व्हर्ना लुंडेबी.'

आडनावासकट सही केलीय. आणि 'तुम्ही' लिहिलंय.

ती माझ्यावर चिडली असेल, भांडेल, महिनाभर तोंड फिरवेल, एवढीच मला भीती होती. तेवढं मी सोसलं असतं. पण ती चिडलेली नाही. ती माझी आभारी आहे.